कार्डाला खाच नव्हती

हवालदाराचा रूळ माझ्या बोटांवर बसला तेव्हा कोर्टात हसू फुटलं.

मी फक्त हात पुढं केला होता. टेबलावर कार्डांची गड्डी होती. सुतळीनं बांधलेली, वर लाखेचा शिक्का. मुंबईहून आलेल्या तज्ज्ञानं शिक्का तोडला, सुतळी सोडली, दोन कार्डं उचलून मॅजिस्ट्रेट साहेबांना दाखवली आणि गड्डी परत टेबलावर ठेवली. आरोपीच्या पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर. गड्डीची उजवी कड माझ्याकडं होती. ती कड दिसली आणि माझा हात आपोआप गेला.

"मुद्देमालाला हात लावतो व्हय रं?" हवालदार म्हणाला.

मी हात मागं घेतला. दोन बोटं सुन्न झाली होती. मी म्हणालो, "साहेब, मला कार्डाची नुसती कड बघू द्या. कडेला खाच नाही. त्याचा अर्थ मी सांगतो."

सरकारी वकील उठले. हसत हसत म्हणाले, "साहेब, आरोपी तज्ज्ञ आहे काय? टांगा हाकणाऱ्याला घोड्याचा डॉक्टर म्हणायचं का आपण?"

पुन्हा हसू. बाकावरचे हसले, कारकून हसला. माझा वकीलसुद्धा हसला. त्याचं हसू मला रुळापेक्षा जास्त लागलं.

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुझ्या बाजूनं कोणी जाणकार असेल तर घेऊन ये. पंधरा दिवस देतो." माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. वाईट माणसानं केलेला अन्याय सांगायला सोपा असतो.

घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला गेलेल्याला बैलाचे दात बघू देतात. माझ्याविरुद्धचा पुरावा मला बघू दिला नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा. मॅट्रिक पास. गाव नगर जिल्ह्यातलं, घर महारवाड्यात. आम्ही बौद्ध झालो होतो, पण गावाच्या तोंडात जुनंच नाव होतं. आईवडील लवकर गेले. अक्कानं मला वाढवलं. थोरली बहीण. तिला नवऱ्यानं टाकली होती. साखर कारखान्याच्या दवाखान्यात ती आया होती. बाळंतिणींचं करायची, कपडे धुवायची, फरशी पुसायची. दवाखान्यामागं एक खोली तिला मिळाली होती. त्या खोलीत बसून मी अभ्यास केला.

कारखान्यात कार्डांची मशीनं आली ती एका मोठ्या कंपनीकडून भाड्यानं. त्याआधी सगळं काम वह्यांत चालायचं. आता प्रत्येक शेतकऱ्याच्या प्रत्येक उसाच्या प्लॉटचं एक कार्ड. जाड कागदाचं, पोस्टकार्डापेक्षा लांब. त्यावर अक्षरं नाहीत, भोकं. शेतकऱ्याचा नंबर, प्लॉटचा नंबर, लागणीची तारीख, सगळं भोकांत. मशीन ती भोकं वाचायचं आणि लागणीच्या तारखेप्रमाणं कार्डं लावून द्यायचं. ज्याची लागण आधी, त्याच्या उसाला तोड आधी. चेअरमन भाषणात सांगायचे, आता वशिला संपला, मशीनला जात नाही, नातं नाही.

मला ते वाक्य फार आवडलं होतं. अक्काला मी ते दोनदा ऐकवलं.

भोकं पाडायला माणसं हवी होती. त्यांनी परीक्षा घेतली. मिनिटाला किती आकडे दाबतो आणि चुका किती. मी पहिला आलो. दुसरा आला वसंत, कुलकर्ण्यांचा. आम्हा दोघांना सहा आठवडे पुण्याला शिकायला पाठवलं. तिथले सर चांगले होते. माझ्या बोटांकडं बघून म्हणाले, "पेटी शिकला असतास तर नाव काढलं असतंस." कुणी माझ्या हातांचं कौतुक करण्याची ती पहिली वेळ.

परत आल्यावर मशीनच्या खोलीत दोन माठ ठेवलेले दिसले. कोणी काही बोललं नाही. माझा माठ कुठला ते मला कळलं. मी कधीच पाणी प्यालो नाही त्यातनं. घरून तांब्या न्यायचो.

काम असं चालायचं. मी कार्ड पाडायचो. तीच माहिती वसंत दुसऱ्या मशीनवर परत दाबायचा. दोन्ही जुळलं तर त्याचं मशीन कार्डाच्या उजव्या कडेला बारीक खाच पाडायचं. खाच म्हणजे तपासलेलं कार्ड. बिनखाचेचं कार्ड पुढं पाठवायचं नाही, हा नियम. तपासलेल्या हजार कार्डांची गड्डी बाजूनं बघितली तर खाचा एकाखाली एक येतात, पन्हाळीसारखी रेघ दिसते. त्या रेघेवरनं अंगठा फिरवायची मला सवय होती. दिवसभराचं काम हाताला लागायचं.

कार्डाच्या शेवटी ऑपरेटरचा नंबर दाबायचा. माझा तीन. तो दाबायला सही लागत नाही, अंगठा लागत नाही. तीनचं बटण कोणीही दाबू शकतो.

मग दुष्काळ पडला. विहिरींनी तळ गाठला. पाण्यावाचून उभा ऊस वाळायला लागला, आणि तोडीचा क्रम ही जीवनमरणाची गोष्ट झाली. आठ दिवस उशीर म्हणजे चिपाड. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की काही प्लॉट भलतेच पुढं गेलेत. मागाहून लावलेला ऊस आधी तुटला. ते प्लॉट कुणाचे होते ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं. दोन संचालकांचे आणि त्यांच्या पाहुण्यारावळ्यांचे.

शेतकरी गेटवर आले. एका म्हाताऱ्यानं वाळलेल्या उसाची मोळी आणून मशीनच्या खोलीपुढं टाकली. मी दारात उभा होतो. त्यानं मला विचारलं, "तूच भोकं पाडतोस ना?"

"व्हय, बाबा."

"माझी बी पाडलीस."

तो माझ्या पायाशी थुंकला आणि गेला. त्याचा राग खोटा नव्हता. त्याचा ऊस वाळला होता, आणि त्याला कुणीतरी दाखवायला पाहिजे होतं. कारखान्यालाही कुणीतरी दाखवायला पाहिजे होतं.

कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला, पुढं कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभा राहिला तोच. त्यानं ती कार्डं काढली. चाळीस कार्डं. लागणीच्या तारखा बदललेल्या. प्रत्येकाच्या शेवटी नंबर तीन.

फौजदार दुपारी आले. पंचनामा लिहिणाऱ्याला कार्डाला काय म्हणायचं ते कळेना. त्यानं मलाच विचारलं. मी सांगितलं, पंच कार्ड. त्यानं लिहिलं, "भोके पाडलेले पुठ्ठे, नग चाळीस." त्या पुठ्ठ्यांवर मला बेडी पडली. वसंत खुर्चीवर बसून होता. त्यानं मान वर केली नाही.

कार्डं कुणी बदलली ते मला आजही ठाऊक नाही. अंदाज आहे. खोलीची किल्ली कारखान्याच्या साहेबांकडं असायची, आमची सुट्टी झाल्यावर आत कोण जायचं ते मला दिसायचं. पण अंदाजावर मी कुणाचं नाव घेणार नाही. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

मला एवढंच माहीत होतं. माझं प्रत्येक कार्ड वसंतच्या मशीनखालनं जायचं आणि खाच घेऊन यायचं. त्या चाळीस कार्डांना खाच नसेल, तर ती आमच्या कामाच्या वेळात झालेली नाहीत. कुणीतरी मागाहून बसून ती पाडली आणि गड्डीत घातली. कोर्टात त्या दिवशी मी कड बघितली. गुळगुळीत. एकसुद्धा खाच नाही. म्हणून हात गेला.

आता जाणकार आणायचा होता. पंधरा दिवसांत. वसंतला सगळं ठाऊक होतं, पण तो कारखान्याच्या नोकरीत होता, माझ्या बाजूनं उभा राहणार नव्हता.

माझा वकील म्हणाला, "अरे, असली मशीनं मी जन्मात पाहिली नाहीत. त्या तज्ज्ञाला विचारू काय? तो इंग्रजीत बोलतो, मला निम्मं कळत नाही." खरं बोलला. उलटतपासणीत त्यानं एकच प्रश्न विचारला होता, तुमचा पगार कोण देतं. त्या प्रश्नाचा आम्हाला काही उपयोग झाला नाही.

मी जामिनावर होतो. एसटीनं पुण्याला गेलो. कंपनीच्या कचेरीत काचेच्या दाराआड एक साहेब भेटले. मी उभा, ते बसलेले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा माणूस सरकारतर्फे साक्ष देऊन गेलाय. आम्ही दोन्हीकडून कसं बोलणार?"

मी विचारलं, "मग मी कुणाकडं जाऊ? ही मशीनं तुमच्याशिवाय कुणाला येतात?"

ते म्हणाले, "तो आमचा प्रश्न नाही."

तिथनं एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. शिपायानं दोन तास बसवून ठेवलं. आतनं निरोप आला, पत्र घेऊन या. कुणाचं पत्र, ते सांगितलं नाही.

शेवटी सरांच्या घरी गेलो. शिकवणारे सर. दुसरा मजला, दारात रांगोळी. त्यांनी मला ओळखलं, आत बसवलं, बाईंनी चहा दिला. कपात. मी सगळं सांगितलं. सरांनी मला तीनदा विचारलं, "खाच नक्की नव्हती?"

"नक्की नव्हती, सर. सबंध कड सपाट होती."

ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "तू बरोबर आहेस. खाच नाही म्हणजे ते कार्ड तपासणीतून गेलंच नाही. हे आमच्या माणसाला कळत नाही असं नाही. त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही."

"तुम्ही चला, सर. एवढंच सांगा. पाच मिनिटं."

"मी कंपनीचा नोकर आहे रे. माझी तीन मुलं शिकतायत."

"मग लिहून द्या."

त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. मला त्या डोळ्यांचा राग आला. आज येत नाही. पण त्या दिवशी जिना उतरताना मला कळलं की सत्य माहीत असलेला माणूस आहे, दयाळू आहे, रडतोय, आणि तरी मी एकटा आहे. तसलं एकटेपण मला आईच्या मयतालाही वाटलं नव्हतं.

परत आलो तर वकील वाट बघत होता. म्हणाला, "एक मार्ग निघालाय. गुन्हा कबूल कर. वय लहान, पहिलाच गुन्हा. चांगल्या वागणुकीच्या हमीवर साहेब सोडतील. कारखानाही विरोध करणार नाही, मी बोललोय."

"कारखान्याला काय मिळतं त्यात?"

"मिटतं त्यांचं. शेतकऱ्यांना सांगता येतं, चोर सापडला म्हणून."

मी अक्काला काही बोललो नाही. तिला आधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती सापडेना, म्हणून मी बंगल्यांच्या बाजूला गेलो. कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर अक्का उन्हात बसली होती. आत व्हरांड्यात साहेब पेपर वाचत होते. त्यांनी तिला आत बोलावलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. अक्काचा पदर तिच्या पुढ्यात मातीवर पसरलेला होता. ज्या बाईच्या हातावर त्या बंगल्यातली दोन मुलं जन्मली, ती बाई.

मी तिला दंडाला धरून उठवली. ती म्हणाली, "सायबांनी शिपायाकडनं सांगितलंय, कबूल झाला तर घालवत न्हाई म्हनं. तुला बी न्हाई, मला बी न्हाई. भाऊ, व्हय म्हन. एक शबुद हाय."

"अक्का, मी केलं न्हाई."

"मला ठाव हाय तू केलं न्हाईस. मला ठाव हाय ते बास हाय की. जगाला घिऊन काय करायचं?"

वाटभर तिच्या पदराला लागलेली माती ती झटकत राहिली.

तारखेला अक्का कोर्टात आली. मागच्या बाकावर बसली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "जाणकार आणलास?"

"नाही आणला, साहेब. कुणी येत नाही. पण जाणकार लागत नाही. कार्ड हातात घेतलं की कुणालाही दिसेल. तुम्ही स्वतः घ्या. कारखान्यातलं कुठलंही दुसरं कार्ड मागवा, शेजारी ठेवा. त्याला खाच असेल, याला नाही."

सरकारी वकील म्हणाले, "हे आरोपीचं मत झालं. तज्ज्ञाची साक्ष नोंदली गेलीय. ती आता संपली."

साहेबांनी गड्डीकडं बघितलं. खरंच बघितलं. क्षणभर मला वाटलं, हात घालतील. मग घड्याळाकडं बघितलं. म्हणाले, "तुझा वकील म्हणतो तू काही सांगणार आहेस. कबुलीबद्दल."

वकिलानं मला कोपरानं ढोसलं. मी मागं बघितलं. अक्का माझ्याकडं बघत होती, हात जोडून. देवापुढं जोडतात तसे. माझ्यापुढं.

एक शब्द होता. घर राहिलं असतं, तिची नोकरी राहिली असती. पण तो शब्द माझ्या तोंडून निघाला असता तर ती चाळीस कार्डं कायमची माझी झाली असती. आमच्या वाड्यातलं पुढचं कोणी मशीनपुढं बसायला गेलं की लोक म्हणाले असते, बघितलं ना मागच्या वेळी.

"मी गुन्हा केला नाही," मी म्हणालो. "मी कबूल करणार नाही."

सहा महिने सक्तमजुरी.

निकाल इंग्रजीत टाइप केलेला होता. जेलमधल्या एका शिक्षा झालेल्या मास्तरनं तो मला मराठीत सांगितला. त्यात एक वाक्य होतं. आरोपीनं तज्ज्ञाच्या साक्षीचा कोणताही प्रतिवाद केलेला नाही. मी मास्तरला ते पुन्हा वाचायला लावलं. हात लावला तर मारलं. बोललो तर हसले. माणूस आणायला गेलो तर मिळू दिला नाही. आणि मग लिहिलं की मी काही बोललोच नाही. त्या दिवशी मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं होतं. ओरडलो नाही. भिंतीला टेकून बसलो. मला तोपर्यंत वाटायचं की मी हरलो कारण माझं नशीब, माझा वकील, माझी जात. जात होतीच. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. यंत्राची भाषा ज्यांच्याकडं आहे त्यांनी ती एकाच बाजूला दिली होती. दुसऱ्या बाजूला मुकं ठेवलं होतं, आणि मुकेपणालाच पुरावा म्हटलं होतं.

सुटून आलो तर दवाखान्यामागच्या खोलीला दुसरं कुलूप. अक्का दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी तिला रस्त्याच्या कडेला गाठलं. डोक्यावर फडकं, पायाशी ढीग. तिनं वर बघितलं तेव्हा डावा डोळा पांढरा होता. खडीचा कपचा उडाला होता. ज्या दवाखान्यात तिनं नऊ वर्षं काढली, तिथं तिला बाहेरच्या रांगेत बसवलं. नंबर यायला दुसरा दिवस उजाडला.

मी तिच्यापुढं बसलो. म्हणालो, "अक्का, माझ्यामुळं झालं."

तिनं हातोडी खाली ठेवली नाही. म्हणाली, "व्हय. तुझ्यामुळंच झालं."

मग म्हणाली, "भाकर खाल्लीस का?"

तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पुढं तीन वर्षं ती जगली. त्या गोष्टीवर आम्ही परत कधी बोललो नाही. मी बरोबर होतो असं तिनं कधी म्हटलं नाही. तिला तसं वाटत नव्हतं. तिच्या डोळ्याची किंमत देऊन मी बरोबर ठरलो, हे मी कुणाकडून ऐकून घेणार नाही, स्वतःकडूनही नाही.

मी नगरला आलो. एका टायपिंग क्लासात झाडलोट करायचो, मग शिकवायला लागलो. संध्याकाळी वाचनालयात बसायचो. साक्षीचा कायदा मराठीत मिळाला तो हातानं उतरवून काढला. मशीनबद्दल जे छापलेलं मिळालं ते वाचलं. इंग्रजी अडलं की टायपिंगच्या पोरींना विचारायचो. त्या हसायच्या नाहीत.

अक्का गेली त्याच्या पुढच्या महिन्यात एका बाई मला शोधत आल्या. दुसऱ्या एका कारखान्यात मशीन आलं होतं. त्या तिथं पंच ऑपरेटर. विधवा, पदरात एक मुलगी. तसाच आरोप. कार्डांवर त्यांचा नंबर. त्यांच्या वकिलानंही तेच सांगितलं होतं, कबूल व्हा.

मी त्यांच्याबरोबर कोर्टात गेलो. वकिलानं मला उभं केलं. सरकारी पक्षानं विचारलं, "शिक्षण?"

"मॅट्रिक."

"कधी शिक्षा झालीय?"

"झालीय. सहा महिने."

"मग तुम्हाला जाणकार कोण म्हणणार?"

"कुणी म्हणू नका," मी म्हणालो. "कार्ड बाईंच्या हातात द्या. त्या सांगतील, मी सांगेन, तुमचा तज्ज्ञ सांगेल. मग खरं काय ते तपासा."

तिथल्या मॅजिस्ट्रेटनी मला खाली उतरवलं. तोंडी सांगून चालत नाही, अर्ज द्या म्हणाले.

अर्ज मी लिहिलाय. आरोपीला तिच्याविरुद्धची कार्डं बघायला, हातात घ्यायला मिळावीत. तिच्या बाजूनं मशीन जाणणारा माणूस कोर्टानं बोलावून द्यावा, तिला परवडत नसेल तर सरकारी खर्चानं. नामंजूर करायचा असेल तर कारण लेखी द्यावं. नामंजूर झाला तर वरच्या कोर्टात देईन. तिथं झाला तर त्याच्या वरच्या. या बाईंनंतर ज्यांच्यावर वेळ येईल त्यांच्यासाठीही देईन. मशीनं आता थांबणार नाहीत, आणि मीही थांबणार नाही.

कागदाच्या माथ्यावर 'विनंती अर्ज' लिहायची पद्धत आहे. कारकुनानं मला तसं सांगितलं, नमुनाही दाखवला. मी विनंती हा शब्द लिहिला नाही. नुसतं अर्ज लिहिलं आणि खाली सही केली.

तारीख सोमवारची आहे.